बिनहवेचे टायर: आधी कचरागाडीला, मग मोटारीला

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्री समृद्धी महामार्गावर, वाशिम जिल्ह्यात मालेगाव आणि वनोजा यांच्या दरम्यान, रस्त्यावर पडलेल्या एका लोखंडी फलकामुळे पन्नासहून अधिक वाहने पंक्चर झाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगरजवळ याच महामार्गावर काँक्रिटचे तडे बुजवायला बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या नोझलवरून मध्यरात्री गाड्या गेल्या आणि पुन्हा टायर पंक्चर झाले. ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेला ७०१ किलोमीटरचा रस्ता, आणि बोटभर धातूच्या तुकड्याने कुटुंबे अंधारात कडेला उभी. अशा बातम्या वाचल्या की कोणालाही वाटावे, टायरमध्ये हवा भरायचीच कशाला? हवाच नसेल तर पंक्चर होणार काय? हा प्रश्न बालिश नाही. मिशेलिन, ब्रिजस्टोन, गुडइयर, हँकूक अशा जगातल्या मोठ्या कंपन्यांनी त्यावर वीस वर्षे आणि बराच पैसा घातला आहे. तरीही रोजच्या वापरातल्या मोटारीसाठी बिनहवेचा टायर आज व्यवहार्य नाही, आणि त्याचे मुख्य कारण किंमत हे नाही, असे माझे मत आहे. टायरच्या दुखण्यांत पंक्चर हे सगळ्यांत स्वस्तात बरे होणारे दुखणे आहे. ते मुळापासून काढायचे तर हवा जी कामे जवळजवळ फुकट करते, ती सगळी दुसऱ्या कोणाकडून तरी महागात करून घ्यावी लागतात.

त्यासाठी आधी रोजच्या मोटारीला काय सोसावे लागते ते पाहू. विरार पूर्वेचे चंदनसार घ्या. रेल्वे स्टेशनकडची दाट वस्ती एका अंगाला आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग दुसऱ्या अंगाला. इथली मोटार सकाळी रिक्षा आणि डंपरच्या मागे दहा-पंधराच्या वेगाने सरकते, कुठे तरी खोदून अर्धवट बुजवलेल्या चरावरून आपटते आणि अर्ध्या तासाने महामार्गावर ऐंशी-शंभरने धावत असते. जुलैत हीच गाडी तुंबलेल्या पाण्यातून जाते. १० जुलै २०१८ रोजी वसई-विरार भागात इतके पाणी साचले की वसई रोड ते विरार लोकल बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मे महिन्यात तीच गाडी तापलेल्या काँक्रिटवर असते. सोमवारी तिच्यात एकटा माणूस असतो आणि रविवारी वज्रेश्वरीला निघालेली पाच माणसे व डिकीभर सामान. वेग, भार, तापमान आणि रस्ता या चारही बाबतींत इतकी उलथापालथ एकाच टायरने झेलायची असते. टायरची परीक्षा या सगळ्याला धरून व्हायला हवी. एकट्या खिळ्यावर ती घेतली तर निकाल चुकीचा लागतो.

साध्या टायरमध्ये हवा नेमके काय करते? छोट्या हॅचबॅकच्या एका टायरमध्ये जेमतेम शंभर ग्रॅम हवा मावते. पंपावर आपण ‘तीस हवा मारा’ म्हणतो तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलोचा दाब आत तयार होतो. एका चाकावर तीनशे किलो भार असेल तर टायरचा साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर भाग, म्हणजे तळहाताहून थोडा मोठा तुकडा, रस्त्याला टेकतो. भार वाढला की तो तुकडा आपोआप पसरतो, आणि लांबच्या प्रवासाला निघताना दोन-तीन पॉइंट हवा जास्त भरली की तोच टायर जास्त भारासाठी तयार होतो. रिकामी असताना नऊशे किलोची गाडी पाच माणसे आणि सामान भरल्यावर तेराशेच्या आसपास जाते. हा फरक झेलायला ना चाक बदलावे लागते ना स्प्रिंग. त्याहून मोठा गुण असा की हवा दाबली आणि सोडली तर दाबायला लागलेली जवळजवळ सगळी ऊर्जा ती परत देते. रबर आणि प्लास्टिक तसे करत नाहीत. दर दाबाला त्यांच्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन मुरते. चाक फिरण्याला होणारा हा विरोध मोटारीच्या इंधनाचा साधारण पाचवा हिस्सा खातो. म्हणून टायर बनवणाऱ्यांची सगळी धडपड भार शक्य तितका हवेवर टाकण्याची आणि रबराला कमीत कमी राबवण्याची असते.

बिनहवेच्या टायरमध्ये हे उलटे होते. मिशेलिनचा ‘अप्टिस’ हा त्यातला सगळ्यांत पुढे आलेला नमुना. अॅल्युमिनियमची रिम, बाहेरून रबराचा पट्टा, आणि दोहोंच्या मध्ये काचतंतू व रेझिन यांच्या मिश्रणाच्या लवचीक पात्या. गाडीचा भार मुख्यतः वरच्या पात्यांना टांगलेला असतो, पाळणा दोरांवर तोलावा तसा. खालच्या पात्या जमिनीशी आल्या की वाकून वाट देतात. रचना खरोखर देखणी आहे आणि तिच्यामागच्या अभियंत्यांविषयी मला आदर आहे. पण हिशेब करून पाहा. चौदा इंची रिमचा सामान्य टायर एका फेऱ्यात दोन मीटरच्या आत जातो. ताशी शंभर किलोमीटरला तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो, म्हणजे प्रत्येक पाती सेकंदाला चौदा वेळा वाकते आणि ताणली जाते. एखादा टायर चाळीस हजार किलोमीटर चालावा ही अपेक्षा धरली तर प्रत्येक पातीला हा व्यायाम दोन कोटींहून अधिक वेळा करावा लागतो, तोही उन्हात, पाण्यात, डांबर-ऑइलच्या संपर्कात आणि खड्ड्यांचे धक्के खात. हे अशक्य नाही. मात्र त्यासाठी पाती मजबूत करावी तर चाक कडक होते आणि धक्का थेट सस्पेन्शनला जातो. मऊ ठेवावी तर ती तापते आणि लवकर थकते. हवेच्या टायरमध्ये ही तडजोड आपण पंपावर दोन मिनिटांत बदलू शकतो. इथे ती कारखान्यात एकदाच ठरते. मग ती एकट्या चालकासाठी ठरवायची की पाच माणसांसाठी?

याचा पुरावा कंपन्यांच्या स्वतःच्या वाटचालीत आहे. मिशेलिनने ‘ट्वील’ नावाचे बिनहवेचे चाक २००५ मध्ये जगापुढे आणले. मोटारीवर ते वेगात आवाज आणि कंप करू लागले. त्याच चाकाला पुढे गवतकापणी यंत्रे, छोटे लोडर, शेतातली आणि डोंगराळ वाटांवरची हलकी वाहने यांत चांगले गिऱ्हाईक मिळाले; इतके की अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात त्यासाठी २०१४ मध्ये वेगळा कारखाना निघाला. जून २०१९ मध्ये मिशेलिन आणि जनरल मोटर्स यांनी मिळून अप्टिस जाहीर केला, तेव्हा २०२४ पर्यंत तो प्रवासी मोटारींवर आणण्याचा मानस सांगितला होता. ते वर्ष उलटून गेले आणि शोरूममध्ये तो आला नाही. दरम्यान तो लागला कुठे? २०२३ मध्ये सिंगापूरला डीएचएलच्या सुमारे पन्नास व्हॅनना आणि त्यानंतर उत्तर फ्रान्समध्ये टपाल खात्याच्या सुमारे चाळीस व्हॅनना. ब्रिजस्टोनने २०११ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात आपले बिनहवेचे चाक मांडले होते. त्याची अलीकडची चाचणी जपानमधल्या हिगाशिओमी शहरात ताशी वीस किलोमीटरच्या आत चालणाऱ्या वाहनांवर झाली. या सगळ्या ठिकाणी एक समान सूत्र दिसते. वेग मर्यादित, भार ठाऊक असलेला, मार्ग ठरलेला आणि रात्री गाडी एकाच आगारात परतणारी. चंदनसारहून सुरतेला निघालेल्या कुटुंबाच्या मोटारीला यातले काहीच लागू पडत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा तर वेगळा विचार करावा लागतो, कारण या टायरच्या बाजू उघड्या असतात. पात्यांच्या मधल्या फटींत चिखल, खडी, प्लास्टिकच्या पिशव्या शिरणार. मोटारीचे चाक बॅलन्स करताना कारागीर पाच-दहा ग्रॅमचे शिशाचे तुकडे रिमला लावतो, इतक्या बारीक फरकाने स्टिअरिंग थरथरते. आता वसई-विरारच्या एखाद्या बांधकामापाशी शंभर ग्रॅम ओला चिखल पात्यांच्या एका बाजूला अडकला आणि गाडी महामार्गाला लागली असे धरा. शंभरच्या वेगाला तेवढा चिखल चाकाला सुमारे वीस किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढेल, आणि ही ओढ सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलेल. चिखल वाळला तर खडखडीत होऊन तिथेच बसेल. बाजू पातळ रबराने झाकता येतील. त्यावर पेटंटेही असतील. पण झाकले की आतली उष्णता बाहेर पडायची वाट अडते. हे कोडे स्वच्छ, कोरड्या रस्त्यांच्या देशात दुय्यम वाटते. कोकणपट्टीत चार महिने ते रोजचे राहील.

यावर पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप जिवाचा आहे. टायर फुटून गाडी उलटते, माणसे मरतात. तिथे आवाज, कंप आणि इंधनाचा हिशेब काय मांडता? आक्षेप रास्त आहे आणि या एका बाबतीत बिनहवेचा टायर निर्विवाद श्रेष्ठ आहे, तो फुटूच शकत नाही. पण धावता टायर का फुटतो तेही पाहायला हवे. बहुतेक वेळा आत हवा कमी असते. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, बाजू तापतात, आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि तासभर वेगात गेल्यावर तो फाटतो. त्याच्या जोडीला जादा भार, गोटा झालेले टायर आणि वर्षानुवर्षे उन्हात उभे राहून कडक झालेले रबर. समृद्धीवर अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशावरच टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती याच कारणाने. नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असे लिहिले असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा तपासणे आणि हे चार आकडे वाचणे, इतक्याने फुटण्याचा मोठा धोका टळतो. शिवाय हवेचा दाब सांगणारे सेन्सर आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही येतात. असा सेन्सर आणि ट्यूबलेस दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला स्टेपनी न ठेवण्याची सवलत केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२० पासून दिली आहे. जीव वाचवायचा असेल तर पुढच्या दहा वर्षांत येईल न येईल अशा चाकाची वाट पाहण्यापेक्षा आज हाती असलेले हे उपाय प्रत्येक गाडीत पोचवणे अधिक फळ देईल. ज्यांना स्टेपनी बदलणे शक्य नाही, अशा वृद्धांना किंवा रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना पंक्चर म्हणजे केवळ दीडशे रुपयांचा खर्च नसतो, हे मी पूर्ण मान्य करतो. त्यांच्यासाठी आतून चिकट द्रव लावलेले, खिळा घुसला तरी छिद्र बुजवून घेणारे टायर आणि कडक बाजूंचे रन-फ्लॅट टायर उपलब्ध आहेत. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारण ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जातो. आपल्या खड्ड्यांत मात्र तो कडक लागतो आणि महाग पडतो, आणि त्यातही एक सूचना दडलेली आहे: हवेऐवजी पदार्थावर भार टाकला की प्रवास कसा होतो, याचा अनुभव त्याने आधीच दिला आहे.

दुसरा आक्षेप खड्ड्यांचा. इथे मला बिनहवेच्या टायरची बाजू जाहिरातीत दिसते त्याहून भक्कम वाटते. पालघर-वसई पट्ट्यात खिळ्यापेक्षा खड्डाच टायरचा मोठा शत्रू आहे. धारदार कडेचा खड्डा आला की टायरची बाजू रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात, आणि दोन दिवसांनी बाजूला फुगा येतो. बाजूच्या फुग्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, नवा टायर घ्यावा लागतो. पंक्चर, रस्त्यावरचे धक्के आणि वेडीवाकडी झीज यांमुळे जगात दर वर्षी वीस कोटींपर्यंत टायर वेळेआधी भंगारात जातात, असा मिशेलिनचा अंदाज आहे. बिनहवेच्या टायरला चिमटायला बाजूच नसते. पण त्याच खड्ड्याचा आघात पाती आणि रिमला घ्यावा लागतो, आणि एखादी पाती तडकली तर ती बदलता येत नाही. चाकच बदलावे लागते. मग खर्चाची तुलना पंक्चरच्या दीडशे रुपयांशी करून चालणार नाही, ती अख्ख्या चाकाच्या किमतीशी करावी लागेल. वर्षानुवर्षे ओरड झाल्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर डांबरावर काँक्रिटचा थर चढवण्याचे काम झाले. त्या कामाने इथल्या टायरांचे आयुष्य जितके वाढेल, तितके कोणत्याही नव्या चाकाने वाढणार नाही.

काही जण म्हणतील की नव्या गोष्टीला नाके मुरडणारे नेहमीच असतात. रॉबर्ट विल्यम थॉमसनने हवेच्या टायरचे पेटंट १८४५ मध्ये घेतले आणि ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने त्याला सायकलवर पुन्हा जन्म दिला. मध्ये त्रेचाळीस वर्षे गेली. मग बिनहवेच्या टायरला वीस वर्षांत नापास का करावे? मी त्याला नापास करत नाही. थॉमसनचा टायर अडकला तेव्हा त्याला हवे तसे स्वस्त, पातळ रबर नव्हते आणि रस्त्यावर वेगवान हलकी वाहनेही नव्हती; दोन्ही आल्यावर तो चालला. बिनहवेच्या टायरलाही असा पदार्थ लागेल, जो हवेइतकी ऊर्जा परत देईल, पन्नास अंशांत मऊ पडणार नाही आणि कोट्यवधी वेळा वाकून तडकणार नाही. तो सापडेलही. पण चंदनसारच्या गाडीमालकाने आज टायर घ्यायचा तो आज मिळणाऱ्या पदार्थातून.

भंगाराचा मुद्दा मला या चर्चेत फार महत्त्वाचा वाटतो आणि तो क्वचितच निघतो. महामार्गावर शिरसाडहून आत वळले की रस्ता वज्रेश्वरी-अंबाडीमार्गे वाड्याला जातो. वाडा तालुक्यात जुने टायर तापवून त्यांतून तेल काढणारे कारखाने आहेत आणि त्यांच्या धुराविषयी, काजळीविषयी तिथले गावकरी वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. टायर टाकाऊ झाल्यावर त्याचे काय करायचे याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केंद्राने जुलै २०२२ मध्ये आणले. साध्या टायरमध्ये रबर, पोलादी तारा आणि कापडी धागे असतात. ते वेगळे करायची विद्या निदान रुळलेली आहे. काचतंतू घातलेले रेझिन वितळत नाही, जाळले तर काच उरते. ब्रिजस्टोनने पुन्हा वितळवता येईल असे रेझिन वापरून या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न केला आहे, आणि तो मार्ग मला अधिक योग्य वाटतो. वरचा रबरी पट्टा झिजल्यावर ट्रकच्या टायरसारखे रिमोल्ड करून तेच चाक पुन्हा वापरता आले, तर भंगार खरोखर कमी होईल. नाही तर विरारच्या गाड्यांची सोय आणि वाड्याच्या गावांना आणखी एक न जिरणारा कचरा, असा हा व्यवहार होईल, आणि त्याला माझा विरोध राहील.

मग इथे या चाकाला काहीच काम नाही का? आहे, आणि ते ताबडतोब सुरू करण्याजोगे आहे. वसई-विरार महापालिकेच्या कचरागाड्या गल्लीबोळांतून सावकाश फिरतात आणि गोखिवऱ्याजवळच्या भोईदापाड्याच्या कचराभूमीवर रिकाम्या होतात. तिथे जमिनीत काचा, पत्रे, खिळे, सळ्यांचे तुकडे पुरलेले असतात. गाडीचा भार ठाऊक असतो, मार्ग ठरलेला असतो, देखभाल एका जागी होते, आणि पंक्चर झालेली गाडी म्हणजे एका वस्तीचा कचरा त्या दिवशी पडून राहतो. कचरा ढकलणाऱ्या छोट्या लोडरसाठी बिनहवेची चाके परदेशात कधीचीच विकली जातात. अशा लोडरपासून आणि दोन-चार छोट्या कचरागाड्यांपासून सुरुवात करावी. टायर उद्योग आपल्या राज्याला नवा नाही. सिएटचे नाशिक, नागपूर, अंबरनाथचे कारखाने, वाळूजला बीकेटी, चाकणला ब्रिजस्टोन, इतके जाणकार हाताशी आहेत. एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा ही चाके चालवून पात्यांत किती चिखल साचतो, तो धुवायला किती वेळ जातो, मेअखेर किती पात्यांना चिरा पडल्या, इंधन किती जास्त लागले आणि एका किलोमीटरला एकूण खर्च किती आला, याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या लोकांसाठी खुल्या कराव्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम आज टायरमध्ये योग्य प्रमाणात हवा असावी असे सांगतात आणि टायरच्या गुणवत्तेबाबतचा २००९ चा केंद्रीय आदेशही हवेच्याच टायरांसाठी आहे. बिनहवेच्या चाकासाठी भार, वेग, ओल्या रस्त्यावरची पकड यांची स्वतंत्र मानके लिहावी लागतील, आणि ती लिहिणाऱ्यांना सिंगापूरच्या व्हॅनच्या आकड्यांपेक्षा भोईदापाड्याच्या कचरागाडीचे आकडे जास्त उपयोगी पडतील.